९ दिवसांत चिचेन इत्झा, उश्माल, पालेंके आणि तिकाल: सोबत आई-बाबा, जमेल का?

कासवचाल:

नमस्कार मंडळी. २० ते २८ डिसेंबर असे ९ दिवस हातात आहेत. निघणार ह्यूस्टनहून. आम्ही दोघं, १० वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई (६४) आणि बाबा (७०). आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पायऱ्या चढते, पण उतरताना त्रास होतो. आई-बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत.

प्राचीन माया लोकांची शहरं बघायचीत, मेक्सिकोतली आणि शेजारच्या ग्वाटेमालातली. कागदावरचा बेत असा: मेक्सिकोत कांकूनला उतरायचं, मग तुलुम, चिचेन इत्झा, उश्माल, पालेंके, आणि शेवटचे दोन दिवस ग्वाटेमालात तिकाल. आई-बाबांचा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा चालू आहे. आम्हा दोघांचं एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा परवाना) मंजूर आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय.

हे सगळं बसेल का? नसेल तर काय गाळावं? गाडी भाड्याने घ्यावी की बस बरी? आणि पिरॅमिडवर चढता येतं का, हा मुलाचा पहिला प्रश्न.

रानवाट:

आधी स्टॅम्पचं बघा, कारण बेत तिथेच अडणार आहे. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू व्हिसा असेल तर, किंवा यांपैकी कुठला कायम निवासाचा परवाना असेल तर. आई-बाबा त्यात बसतात. तुम्ही दोघं बसत नाही. एच-१बी मंजुरीचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे, आणि विमानाच्या काउंटरवरच थांबवतात. ह्यूस्टनमध्ये मेक्सिकोचा वाणिज्य दूतावास आहे. तिथून तुम्हा दोघांचा व्हिसा काढा. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याच्या पानावरचा स्टॅम्पही तपासा. डिसेंबरच्या भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे सप्टेंबरातच हालचाल करा.

परत येताना ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनवर, म्हणजे संपलेल्या स्टॅम्पवरही अमेरिकेत परत घेण्याच्या सवलतीवर, येता येतं: फक्त मेक्सिकोत (किंवा कॅनडात) ३० दिवसांपर्यंत राहिलात, आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत सांगणारी नोंद) चालू आहे, आणि त्या फेरीत नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केलेला नाही, तर. ग्वाटेमालात पाऊल टाकलंत की ही सवलत गेली. म्हणजे तिकाल या खेपेला बाद. आय-९४ आणि मंजुरीचा कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा, काउंटरवरच्या माणसाला हा नियम बऱ्याचदा दाखवून द्यावा लागतो. निघायच्या आठवड्यात दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर नियम पुन्हा ताडून घ्या. आणि मेक्सिकोहून परतल्यावर आई-बाबांना नव्याने सहा महिने मिळतील असं धरू नका, बहुतेकदा जुनीच तारीख पुढे चालते.

दुसरं गाळायचं ते पालेंके. मेरिदा ते पालेंके सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास गाडी. जाऊन-येऊन दोन दिवस रस्त्यातच जातात. पालेंकेची जागा फार मोलाची आहे. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुझ यांना शिलालेखांच्या मंदिराच्या पोटात पाकाल राजाची कबर सापडली ती तिथेच. पण तिच्यासाठी वेगळी फेरी काढा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन तासाभरात काढता पाय घ्यावा लागेल.

उरतं ते मेक्सिकोचं युकातान द्वीपकल्प, आणि ९ दिवसांना ते पुरेपूर आहे. असं करा: २० ला कांकूनला उतरून थेट वायादोलिद गाठा, १६० किलोमीटर, दोन तास. तिथे चार रात्री. चिचेन इत्झा तिथून ४५ किलोमीटर, कोबा ६०, ‘एक बालाम’ ३० च्या आत (या दोन्हीही माया जागाच). २४ ला मेरिदा, तिथे चार रात्री, उश्माल ८० किलोमीटर. मेरिदाहून ह्यूस्टनला थेट विमान मिळतं का आधी बघा, म्हणजे पुन्हा कांकूनला यायला नको. २४ तारखेच्या रात्री तिकडे घरोघरी मोठं जेवण असतं आणि बरीचशी हॉटेलं दुपारीच बंद होतात. त्या संध्याकाळचं आणि २५ च्या सकाळचं खाणं आदल्या दिवशी आणून ठेवा.

घड्याळाची एक गोम आहे. कांकून, तुलुम आणि कोबा हे किंताना रू राज्यात येतात, आणि ते राज्य युकातान राज्याच्या एक तास पुढे चालतं. वायादोलिद, चिचेन, मेरिदा, उश्माल मागे. वायादोलिदहून कोबाला जाताना तास हरवतो, येताना परत मिळतो. सीमेजवळ मोबाइल कधी या टॉवरवर, कधी त्या टॉवरवर जातो. फोनवरची वेळ हाताने लावून ठेवा.

चुनखडी:

चढण्याबद्दल: चिचेनच्या मोठ्या पिरॅमिडवर २००६ पासून चढू देत नाहीत. उश्मालच्या जादूगाराच्या पिरॅमिडवरही नाही. मुलाला हे घरीच सांगा, तिथे जाऊन हिरमोड नको. चढण्याऐवजी त्याला मोजायला लावा. चिचेनच्या पिरॅमिडला चारही बाजूंनी ९१-९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, आणि माथ्याचा चौथरा धरून ३६५. माया लोकांचं ‘हाब’ हे वर्ष ३६५ दिवसांचं.

मग उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून एक जोरदार टाळी वाजवायची. परत येतो तो टाळीचा आवाज नसतो, पक्ष्याच्या चीत्कारासारखा वरून खाली घसरत जाणारा सूर असतो. प्रत्येक पायरीवरून प्रतिध्वनी थोडा थोडा उशिरा परततो, म्हणून तसं होतं. दहा वाजता तिथे पन्नास जण एकदम टाळ्या वाजवत असतात आणि काहीच कळत नाही. सव्वाआठला एकटी टाळी स्वच्छ ऐकू येते.

दार ८ ला उघडतं. ७.३० ला रांगेत राहा. तिकिटं दोन, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं (लोक ‘इनाह’ म्हणतात) आणि एक युकातान राज्याचं. दोन्ही मिळून परदेशी माणसाला ६०० पेसोंच्या वर पडतात. खिडक्या वेगवेगळ्या असतात. एकच तिकीट घेऊन दारापर्यंत जाणारे रोज परत फिरतात. रोख पेसो जवळ असू द्या, कार्डाचं यंत्र बंद असलं तरी अडत नाही. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना केंद्राचं तिकीट माफ असतं, त्यामुळे गर्दी दुप्पट. तुमच्या तारखांत येणारा रविवार कोबासाठी ठेवा.

आत गेल्यावर पिरॅमिड, मग डावीकडे चेंडूचं मैदान, मग पवित्र सेनोतेपर्यंतची वाट (सेनोते म्हणजे चुनखडीचं छत खचून झालेली नैसर्गिक विहीर), परतताना हजार खांब, शेवटी दक्षिणेची वेधशाळा. तीन तास पुरे. कांकूनच्या बसगाड्या साडेदहा-अकराला येतात आणि मधल्या चौकात सावलीचं एक झाड नाही, म्हणून अकराला बाहेर पडा. वाटा सपाट आहेत, काकूंना अडचण येणार नाही.

चेंडूच्या मैदानात लोक वर पाहतात, भिंतीत उंचावर बसवलेलं दगडी कडं बघायला. खालीही बघा. भिंतीच्या पायाशी तिरक्या बाकावर कोरीव पट्टी आहे. दोन्ही संघ मधल्या चेंडूकडे तोंड करून ओळीने उभे आहेत. चेंडूवर कवटी कोरलीय. उजवीकडचा खेळाडू एका गुडघ्यावर टेकलाय, त्याचं शिर नाही, आणि मानेतून रक्ताच्या धारा निघाल्यात त्या सापांच्या. सकाळच्या तिरप्या उन्हात हे कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सपाट पांढरा दगड दिसतो. मैदान १६८ मीटर लांब आहे, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या दीडपट.

वाटाडे तुम्हाला डिसेंबरातही ‘सापाची सावली’ दाखवू म्हणतील. उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हाचे त्रिकोण उतरत येतात आणि खाली सापाच्या दगडी डोक्याला मिळतात, ते मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या तारखांच्या, आसपास, उतरत्या दुपारी. २१ डिसेंबरला सूर्य त्या कोनात नसतो. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

रानवाट:

गाडी की बस, हे राहिलं होतं. पाच माणसं आहात, त्यात काकूंचे गुडघे, गाडीच घ्या. फक्त एक धरून चला: नेटवर दिवसाला पाच-सात डॉलर दिसणारा भाव खरा नसतो. मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, तो काउंटरवर जोडला जातो. अमेरिकेतलं क्रेडिट कार्ड भाड्याच्या गाडीचं नुकसान भरून देतं, समोरच्याचं नाही. हा विमा धरूनचा एकूण आकडा लेखी मागा आणि मगच आरक्षण करा. गाडी घेताना चारही बाजूंचा, छताचा आणि टायरचा व्हिडिओ काढा. कांकूनला घेऊन मेरिदाला सोडणार असाल तर वेगळा आकार पडतो, तोही आधी विचारा.

अंधारात चालवू नका. गावात शिरताना आणि बाहेर पडताना गतिरोधक असतात, त्यांना तिकडे ‘तोपे’ म्हणतात, आणि बरेचसे रंग न दिलेले. पेट्रोल भरताना पंपाचा आकडा शून्यावर आहे का ते उतरून बघा. टोलचा रस्ता वेगवान आहे, पण टोल रोख पेसोत द्यावा लागेल असं धरून चला. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि यंत्र ‘आमच्या दराने डॉलरमध्ये वळवू का’ विचारतं तेव्हा नकार द्या. होकार दिला की त्यांचा दर लागतो, आणि तो नेहमी महाग पडतो.

निवळी:

खाण्याचं मी सांगते, कारण तिथे ‘शाकाहारी’ या शब्दाने काम भागत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ ‘मांसाचे तुकडे नाहीत’ एवढाच घेतात. काळ्या घेवड्याच्या उसळीला डुकराची चरबी असते, तिला ‘मांतेका’ म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्या पाण्याला ‘काल्दो दे पोयो’ म्हणतात. तामाल म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, त्यातही चरबी मळलेली असते. म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका, सिन काल्दो, सिन उएवो’. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, चरबी, मांसाचं पाणी, अंडं, यांपैकी काही नको. हे मोठ्या अक्षरात रोमन लिपीत कागदावर लिहून घ्या आणि कागदच पुढे करा. युकातानमध्ये सोमवारी घरोघर डुकराचं मांस घातलेला घेवडा रांधतात, त्या दिवशी उसळ मागूच नका.

निर्धास्त खाता येतं ते: मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी), भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची टोमॅटो घालून केलेली चटणी (‘सिकिल पाक’), अवाकाडो, चीजची केसादिया (चीज भरून दुमडलेली तोर्तिया), चाया या तिकडच्या पालेभाजीच्या पानांचं लिंबू घातलेलं सरबत, फळं. पापात्सुलेस दिसायला शाकाहारी, पण आत उकडलेलं अंडं असतं. टेबलावरची हिरवी-केशरी चटणी हबानेरो मिरचीची, आपल्या लवंगीला मागे टाकणारी, ती काडीने चाखून मगच घ्या. गव्हाच्या तोर्तियात चरबी असू शकते, मक्याचीच मागा.

त्या मक्याच्या तोर्तियाकडे काकूंनी मुद्दाम बघावं. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजू देतात, सकाळी चोळून धुतात तेव्हा टरफल निघून येतं, आणि मग ओलाच दळतात. चुन्याने पीठ चिकट होतं, म्हणून थापताना फाटत नाही. आपली मक्याची भाकरी कडेला चिरते ती आपण मका चुन्यात न शिजवता कोरडाच दळतो म्हणून. चुन्यामुळे मक्यातलं नियासिनही अंगी लागतं. हे माया बायका हजारो वर्षं करत आल्यात. वायादोलिदच्या बाजारात सकाळी दळणाच्या गिरणीसमोर भिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन बायका रांगेत उभ्या असतात.

सोबत न्यायचं ते सीलबंद पाकिटातलं न्या. फळं, बिया, सुटं धान्य विमानतळावर काढून घेतात. नळाचं पाणी पिऊ नका, माणशी दिवसाला तीन लिटर धरा, आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा.

काकूंसाठी: उतरायलाच त्रास असेल तर रबरी टोपणाच्या दोन काठ्या घ्या. उघडी लोखंडी टोकं दगडाला ओरखडे पाडतात, दारावर हरकत घेतात. चिचेनजवळच्या इक किल सेनोतेत पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली आहे आणि दगडी जिना कायम ओला. काकूंनी वरूनच बघावं, काठावरून पूर्ण विहीर दिसते. बाकीच्यांनी पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करायची आणि सनस्क्रीन लावायचं नाही. तेच पाणी खालून गावांना जातं.

चुनखडी:

तुलुमबद्दल कुणी बोललं नाही. समुद्राकाठच्या कड्यावर आहे, फोटो सुंदर येतात, पण वास्तू लहान आणि गर्दी फार. त्याऐवजी कोबा करा, काकूंसाठीही तेच बरं. कोबा जंगलात पसरलंय आणि आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळतात. चालक मागून पायडल मारतो, पुढे दोघं बसतात. मोठा पिरॅमिड ‘नोहोच मुल’ ४२ मीटरचा, दारापासून दोनेक किलोमीटर आत, आणि रस्ता पूर्ण सावलीचा.

ज्या रस्त्यावरून रिक्षा जाते तो नीट बघा. माया लोक त्याला ‘साकबे’ म्हणत, म्हणजे पांढरा रस्ता. कडेला मोठे दगड, आत खडीची भर, वर चुनखडीच्या भुकटीचा थर ठोकून घट्ट केलेला. कोबाहून पश्चिमेला याशुनापर्यंत असा एक रस्ता सुमारे १०० किलोमीटर जातो. चाकाची गाडी नाही, ओढायला जनावर नाही, हे सगळं माणसांच्या पाठीवरून.

आणि उश्मालला पाण्याची गोष्ट विसरू नका. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदी नाही, चुनखडीतून पाणी खाली मुरतं. चिचेनला निदान सेनोते आहेत. उश्माल पडतं पुउक टेकड्यांत, तिथे पाण्याची पातळी इतकी खोल की विहीरही नाही. म्हणून त्यांनी बाटलीच्या आकाराची टाकी खणली, आतून चुन्याचा गिलावा केला, तोंडाभोवती अंगण उताराचं करून पाऊस आत घेतला. त्यांना ‘चुलतुन’ म्हणतात. गडावरची टाकी पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको. तोंडं जमिनीलगत असतात, मुलाला वाट सोडून धावू देऊ नका. भिंतीवर कोपऱ्याकोपऱ्यात लांब वळलेल्या नाकाचा चेहरा दिसेल, तो ‘चाक’ नावाचा पावसाचा देव. तो इतक्या वेळा का कोरलाय ते टाकी बघितल्यावर कळतं. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या काबाहला एका वास्तूची अख्खी दर्शनी भिंत त्याच चेहऱ्यांनी भरलीय. त्याच दिवशी करा, तासभर पुरतो.

कासवचाल:

खूप आभार. पालेंके आणि तिकाल गाळले, व्हिसासाठी भेटीची वेळ आज घेतली. दोन शंका राहिल्या. तिकाल पुढे केव्हा तरी करायचंच आहे, स्टॅम्प झाल्यावर, त्याला किती दिवस लागतील? आणि मुलगा विचारतोय, दगडावरचे आकडे आपल्याला वाचता येतील का?

रानवाट:

तिकालला ४ दिवस. ह्यूस्टन ते ग्वाटेमाला सिटी, तिथून फ्लोरेसला तासाभराचं विमान, तिथून तिकाल ६५ किलोमीटर. तिकीट परदेशी माणसाला १५० केत्साल (ग्वाटेमालाचं चलन), आणि पहाटे ६ च्या आधी शिरायचं तर आणखी १०० आणि सोबत अधिकृत वाटाड्या. पासपोर्ट जवळ ठेवा, तिकिटावर नाव येतं. सूर्योदयाचा आग्रह मात्र धरू नका. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक पहाटे धुक्यात जातात आणि ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिरावरून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. तेव्हा मिळतो तो आवाज, हाउलर माकडांचा. काकू येणार असतील तर उद्यानाच्या आतच मुक्काम करा. चौथ्या मंदिराला लाकडी जिना आहे, उतरताना कठडा धरता येतो.

चुनखडी:

आकडे वाचता येतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात जमतं. ठिपका म्हणजे १, आडवी पट्टी म्हणजे ५, शिंपला म्हणजे ०. तारखेत एकाखाली एक पाच आकडे असतात. वरून खाली त्यांची किंमत: १,४४,०००, मग ७,२००, मग ३६०, मग २०, मग १ दिवस.

तिकालच्या २९ क्रमांकाच्या शिलास्तंभावरची तारीख घ्या. एक पट्टी तीन ठिपके (८), दोन पट्ट्या दोन ठिपके (१२), दोन पट्ट्या चार ठिपके (१४), पुन्हा एक पट्टी तीन ठिपके (८), तीन पट्ट्या (१५). ११,५२,००० अधिक ८६,४०० अधिक ५,०४० अधिक १६० अधिक १५, एकूण १२,४३,६१५ दिवस. मोजणी सुरू होते इ.स.पू. ३११४ च्या ऑगस्टपासून, म्हणून ही तारीख पडते इ.स. २९२ मध्ये.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, ठिपक्यांच्या शेजारी जागा भरायला कोरलेली नक्षी असते, अर्ध्या चंद्रासारखी किंवा फुलीसारखी, ती लोक ठिपका म्हणून मोजतात. दोन, स्तंभावर पट्ट्या बऱ्याचदा उभ्या कोरलेल्या असतात, चित्राच्या डाव्या अंगाला. उभी असली तरी पाचच. चिचेनला अशा तारखा फार थोड्या आहेत. मेरिदाच्या माया संग्रहालयात मुलाला वही-पेन्सिल देऊन सोडा, तिथे कोरीव शिळा हाताच्या अंतरावरून बघता येतात.

निवळी:

आणि त्याला एक शब्द शिकवून ठेवा: ‘दियोस बोऽतिक’. युकातानी मायात आभार. आजही साडेसात लाखांहून जास्त लोक ही भाषा बोलतात. कोबाचा रिक्षावाला, वायादोलिदच्या बाजारातली तोर्तियावाली, बऱ्याचदा घरी हीच बोलतात. ‘माया लोक नाहीसे झाले’ असं त्यांच्यासमोर म्हणू नका.